पंचाकडे बघायचं नाही

मला भेटलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी एकच प्रश्न विचारतो. न्हावी वस्तरा गळ्याशी धरून विचारतो, दाताचा डॉक्टर माझं तोंड उघडं असताना विचारतो. "मामा, खरं सांगा, खरीखुरी मारामारी झाली तर भारी कोण? कराटेवाला, बॉक्सर की पैलवान?"

बत्तीस वर्षं मी बॉक्सिंगच्या रिंगच्या कोपऱ्यात बादली घेऊन बसतोय. पोरांच्या हाताला पट्ट्या बांधायच्या, भुवई फुटली की दाबून रक्त थांबवायचं, नाकात कापसाची वात सरकवायची, आणि पोरगा हरत असला तरी "मस्त चाललंय रे" म्हणायचं. तेव्हा उत्तर द्यायचा हक्क मला आहे.

बॉक्सर म्हणजे दारात उभा राहून भांडणारा शेजारी. उंबऱ्यावर त्याच्या तोंडाला लागायचं नाही. त्याला आत ओढलंत की मात्र त्याची बोलती बंद. लाथा मारणारा कराटेवाला म्हणजे गॅलरीतून भांडणारा. लांबून सगळ्यांची बिनपाण्यानं करणार, पण कुणी जिना चढून वर आलं की "अहो, बसा ना". आणि पैलवान म्हणजे सासरकडचा पाहुणा. एकदा आत शिरला की उठायचं नाव नाही. तेव्हा भारी कोण हे विचारूच नका. भांडण गॅलरीत होतंय, दारात होतंय की बैठकीच्या खोलीत, एवढंच विचारा.

ही अक्कल मी आयुष्यभर फुकट वाटली.

रिंगभोवतीचे सगळेच मला मामा म्हणतात, कारण त्यातल्या अर्ध्या लोकांना मी कधी तरी मामा बनवलंय. एका फुशारक्या मारणाऱ्या कोचच्या शिट्टीत साबण भरला होता. त्यानं ऐटीत फुंकली आणि फुगे आले. एकदा समोरच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण डिंकानं चिकटवलं, तर मिनिटभराच्या विश्रांतीत तिघं जण त्या बाटलीशीच कुस्ती खेळत बसले. खोड्या हा माझा जुना आजार. औषध नाही.

पण एक माणूस मला नात्यानं मामा म्हणायचा. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा, बापासारखा सरळ आणि आईसारखा हट्टी.

त्याचा बाप, म्हणजे माझे दाजी, टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये तीस वर्षं कराटे शिकवतात. हॉलला रबराचा वास, भिंतीवर आरसा, आरशाला एक तडा. त्यांचं कराटे गुणांचं. ठोसा किंवा लाथ नेमकी बसली की पंच हात वर करतो, सगळं थांबतं, दोघं मागे सरकतात, गुण लागतो, मग पुन्हा सुरू. मारायचं, थांबायचं, पंचाकडे बघायचं. भाचा सहा वर्षांचा असल्यापासून हेच करत आला. चषक इतके जिंकले की ताई त्यांत चमचे ठेवते.

त्याच इमारतीत खाली, मागच्या बाजूला, वस्तादांचा कुस्तीचा वर्ग. दाजी आणि वस्ताद तरुणपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी जिन्यात चहा आणि वाद.

"एकच ठोसा पुरे. नेमका बसला पाहिजे," दाजी म्हणायचे.

"ठोसा मारायला हात मोकळा लागतो, मास्तर. मी मोकळा ठेवलाच नाही तर?"

"जवळ येईपर्यंत तू आडवा झालेला असशील."

"आडवं झाल्यावरच तर आमचं सुरू होतं."

तीस वर्षं हा वाद चालू होता आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. मग एका संध्याकाळी दाजी फोन माझ्या हातात देऊन कपडे बदलायला गेले. आता मला सांगा, मांजरापुढे दुधाचं पातेलं ठेवून कुणी जातं का? मी दाजींच्या फोनवरून वस्तादांच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, "आमच्या हॉलमध्ये लादी पुसायला माणूस पाहिजे. जमिनीवर लोळायचा अनुभव असल्यास प्राधान्य. तुमच्या गोणीला पाठवा."

गोणी म्हणजे वस्तादांचा पट्ठ्या. सिमेंटच्या गोदामात गोण्या वाहायचा आणि समोरच्याच्या अंगावर पडायचा तोही गोणीसारखाच. मुका वाटावा इतका शांत.

मला वाटलं, दोन दिवस हशा होईल. पण सकाळपर्यंत तो मजकूर सगळीकडे फिरला. गोदामात गोणीच्या हातात कुणी तरी फडकं दिलं. दाजींच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप विचारायला लागले की मास्तर, मग लढत कधी? तिसऱ्या दिवशी लढती भरवणारा एक माणूस फॉर्म घेऊन आला. ठोसे, लाथा, पकड, जमिनीवरची मारामारी, सगळं चालेल. अंग वाचवून काही नाही.

वस्ताद जिन्यात उभे. "मास्तर, तुम्ही लिहिलंत?"

"मी नाही लिहिलं."

"मग खोटं आहे असं तिथंच लिहा. विषय संपला."

दाजींनी फोन काढून तो मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाले, "लिहिलं मी नाही. पण त्यात चूक काय आहे?"

मी पोट धरून हसलो. भाचा हसला नाही. त्यानं फॉर्म घेतला आणि सही केली.

का हसला नाही, ते मला ठाऊक होतं. मला एकट्यालाच.

दोन वर्षांपूर्वी सराव करताना दाजींच्या बोटाचं टोक त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं होतं. दाजींना कळलंसुद्धा नाही. चार दिवसांनी पोराला डोळ्यात काळे धागे दिसायला लागले, मग कडेनं पडदा ओढल्यासारखं. तो माझ्याकडे आला. मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आतला पडदा सुटला होता. लेझरनं शिवल्यासारखा चिकटवला. ताईला आम्ही सांगितलं की रांजणवाडी झालीय. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या डोळ्यावर पुन्हा जोरात मार बसला तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही." गुणांच्या कराटेत चेहऱ्याला नुसता स्पर्श होतो. तेवढ्यावर निभावत होतं.

त्या दिवशी मी त्याला गोदामामागे गाठलं. "फाडून टाक तो फॉर्म. दाजींना खरं सांगू."

"काय सांगू? तुमच्या बोटानं माझा डोळा गेला होता?" तो म्हणाला. "मामा, बाबा त्यानंतर कुणासमोर हात उचलतील का? हॉल बंद होईल दुसऱ्या दिवशी."

"मग मी सांगतो की मजकूर मी टाकला."

"ते सगळ्यांना कळलंय. एवढं घाण विनोदी दुसरं कोण लिहिणार?" आता तो जरासा हसला. "पण बाबांनी तो आपला म्हटलाय ना. आता मी माघार घेतली तर बाबा खोटे पडतील."

माझी आशा होती ती तपासणीवर. लढणाऱ्याला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तो डॉक्टर डोळे तपासतो. भाच्याला उजव्या डोळ्यानं वरच्या तीन ओळी दिसायच्या, खालच्या दोन म्हणजे मुंग्यांची रांग. तिथं अडकला असता, सगळं आपोआप मिटलं असतं. कुणाची इज्जत गेली नसती.

आणि मग त्यानंच विचारलं, "मामा, त्या तक्त्याचं काही करता येईल?"

खरं सांगतो, मला गंमत वाटली. लाज वाटायला हवी होती, पण अंगात शिरशिरी आली ती खोडीची. मी खोकल्याचं निमित्त करून त्या डॉक्टरच्या खोलीत जाऊन आलो. भिंतीवर अक्षरांचा जुना तक्ता, एक कोपरा सुटलेला. खालच्या दोन ओळी हातावर लिहून आणल्या. पहिली म, च, र, ट, द. दुसरी क, न, प, व, घ.

"पाठ कर," मी म्हटलं. "मामानं चपला रद्दीत टाकून दिल्या. काकूनं नळाखाली पातेलं वाकडं घासलं."

"वाकडं का घासलं?"

"तुझ्या काकूला सरळ काही येतं का?"

आठवडाभर आम्ही तेच म्हणत होतो. तो दोरीवर उड्या मारताना म्हणायचा, मी पट्ट्या गुंडाळताना म्हणायचो. दाखला मिळाला. डॉक्टरनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. आम्ही बाहेर येऊन टाळी दिली. आठवण आली की तो तळहात अजून चुरचुरतो.

मग तयारी. तीन महिने होते. मी त्याला बॉक्सिंगच्या हॉलमध्ये घेऊन गेलो. बेत साधा होता. भांडण गॅलरीतच ठेवायचं. गोणी पकडायला आत आला की बाजूला सरकायचं, मांडीवर लाथ, पुन्हा बाजूला. मांडी बधिर झाली की त्याची उडी छोटी होणार. उजवा डोळा हाताआड. आणि संधी मिळाली की डोक्यावर लाथ, ती याची जन्माची लाथ होती, सुंदर, चाबकासारखी.

एकच रोग होता. लाथ बसली की हा थांबायचा. अर्धं पाऊल मागे, मूठ कमरेशी, आणि मान पंचाकडे. एकवीस वर्षांची सवय. मी ओरडायचो, "कुणाकडे बघतोस? कोण देणार आहे तुला गुण? तुझी आत्या?" तो म्हणायचा, "मामा, मी नाही बघत. मानच वळते."

तेव्हा मी उपाय काढला. उलट्या बादलीवर बसायचो, हातात भिजवलेला टॉवेल. त्यानं मान वळवली रे वळवली की टॉवेल फेकायचा. माझा गुडघा कामातून गेलाय, उठून मारायला वेळ लागतो, म्हणून फेकायचो. सपाक्! पाठीवर. पहिल्या आठवड्यात दिवसाला साठ वेळा. सगळा हॉल हसायचा, पोरं मोजायची. दुसऱ्या महिन्यात दहा. तिसऱ्या महिन्यात त्याची मान हलायच्या आधी, नुसता खांदा सैल झाला तरी, माझा टॉवेल सुटलेला असायचा. मी बघायचोसुद्धा नाही, हात आपला आपण चालायचा. शेवटचे दहा दिवस त्यानं एकदाही मान वळवली नाही.

"सुटली सवय," मी म्हटलं.

त्याची सुटली होती, असं आम्हांला वाटलं. माझ्या हाताला एक लागली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही.

रविवार, दुपारचे तीन. मोठ्या हॉलमध्ये आमच्याच क्लबची रिंग आणून जोडलेली, वर पत्र्याचं छप्पर, पंखे नुसते आवाजापुरते. ताई आली नव्हती. तिनं मला फोन केला होता, "तू आहेस ना कोपऱ्यात? मग मला काळजी नाही." कोपऱ्यात मी आणि दाजी. समोर वस्ताद आणि गोणी. पंच बुटका, अनुभवी माणूस. त्यानं नियम सांगितले, शेवटी दोन्ही कोपऱ्यांना म्हणाला, "टॉवेल आत आला म्हणजे त्या कोपऱ्यानं हार मानली, मी लढत थांबवणार. मग रडायचं नाही." माझ्याकडे बघून वर म्हणाला, "मामा, आज खोड्या नाहीत."

"माझी काय बिशाद," मी म्हटलं, आणि लोक हसले.

पहिला राउंड आमच्या बेतासारखा गेला. गोणी आत यायचा, भाचा सरकायचा, मांडीवर फाट् करून लाथ. सातव्या लाथेला गोणीचा पाय वाकला. शेवटी शेवटी एकदा त्यानं भाच्याची कंबर पकडली आणि दोघं आदळले. वीस सेकंद तो वर बसून होता, पण भाच्यानं दोन्ही हात उजव्या डोळ्यावर घट्ट धरले आणि घंटा झाली. स्टुलावर बसल्यावर मी आधी डोळा बघितला. लाल नव्हता, सूज नव्हती.

"मस्त चाललंय रे," मी म्हटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

"मामानं चपला रद्दीत टाकून दिल्या," तो हळूच म्हणाला. दाजींनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "श्वास मोजतोय."

दुसरा राउंड. मिनिटभर गेलं असेल. भाचा फिरत फिरत आमच्या कोपऱ्यापाशी आला होता, पाठ माझ्याकडे. गोणी लंगडत आत आला, मांडी वाचवायला हात खाली गेले. आणि ती लाथ निघाली. मी हजारो लाथा बघितल्यात, तशी नाही. कानामागे बसली. गोणीचे गुडघे एकदम सुटले, तो चार पायांवर आला, डोळे उघडे आणि आत कुणी नाही. पत्र्याखाली असा आवाज झाला की पंखे ऐकू येईनात.

अजून एक पाऊल. एक ठोसा. लढत संपली असती.

भाच्याचा खांदा सैल झाला. अर्धं पाऊल मागे. मूठ कमरेशी. मान वळायला लागली.

आणि माझ्या हातातून टॉवेल सुटला.

मी फेकला नाही. देवाशपथ, फेकला असं मला आठवत नाही. पाठीवर सपाक् झाल्यावर मला कळलं की तो माझ्या हातात नाहीये. मग तो घसरून त्याच्या पायाशी पडला.

पंचानं टॉवेल बघितला. ज्याचा माणूस जिंकतोय तो टॉवेल कसा टाकेल? त्यानं आमच्या कोपऱ्याकडे बघितलं, खरा आहे की मामाची खोडी. भाचा पंचाकडे बघत होता. दाजी माझ्याकडे. रिंगमध्ये तिघं जण, आणि त्यातला एकच लढत होता.

गोणीच्या डोक्यात घंटा वाजत होती, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. त्याला टॉवेल दिसला नाही, पंच दिसला नाही. समोर दोन पाय दिसले. लहानपणापासून समोर दोन पाय दिसले की तो जे करत आला तेच त्यानं केलं. पाय उचलले, खांद्यानं आडवं केलं, वर पडला. भाच्याचे हात खाली होते, कारण त्याच्या हिशेबानं गुण लागला होता. पंच ओरडत धावला. तेवढ्यात दोन बसले. पहिला गालावर, दुसरा कोपर, उजव्या डोळ्यावर. सिमेंट वाहणाऱ्या हाताचं कोपर.

पंचानं त्याला ओढून काढलं. मागच्या रांगांतले लोक हसत होते. त्यांना वाटलं, मामानं शेवटी केलंच.

दाजींनी आयुष्यात मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझी कॉलर धरली. "आजसुद्धा? आजसुद्धा गंमत?"

मी कॉलर सोडवून घेतली. मी रिंगमध्ये चढलो, भाच्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि बत्तीस वर्षांच्या हातांनी बर्फ धरला. भुवई फुटली असती तर मला थांबवता आली असती. आतलं जे सुटलं, त्याला माझ्या बादलीत काही नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. तीन आठवडे पट्टी. त्या तीन आठवड्यांत वस्ताद रोज आले, दाजींशेजारी बाकावर बसले, चहा झाला, वाद झाला नाही. गोणी एकदा आला. दाराबाहेर उभा, हात मागे लपवलेले, एखाद्यानं चोरी केल्यासारखे. "मामा, मला खरंच दिसलं नाही हो," म्हणाला. मी म्हटलं, "तुझी चूक नाही." त्यानं विचारलं, "मग कुणाची?" आणि माझ्याकडे बघतच राहिला. साधा माणूस, खरंच विचारत होता.

ताईला आम्ही सांगितलं होतं की सूज आहे, उतरेल. ती मला डबा आणायची. "तू खाल्लंस का?" विचारायची. टॉवेलचं तिनं ऐकलं होतं, पण एवढंच म्हणाली, "पोराला मार बसेल म्हणून टाकला असशील. मी ओळखते तुला."

पट्टी काढायच्या दिवशी ती हट्टानं आत आली. दाजी बाहेर बाकावर. खोलीत डॉक्टरीणबाई, भाचा खुर्चीत, मी दाराला टेकून. बाईंनी आधी त्याचा चांगला डोळा काळ्या झाकणानं झाकला. मग बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर पडदा उजळला.

"दिसेल तेवढं वाचा," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

ताई त्याच्या खुर्चीमागे उभी होती, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. भाच्यानं मान किंचित बाईंच्या आवाजाच्या दिशेनं वळवली. मग खणखणीत, आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"म. च. र. ट. द."

थांबला. घसा साफ केला.

"क. न. प. व. घ. सगळं दिसतंय, आई."

ताईचा चेहरा उजळला. तिनं मान वर करून पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर अक्षर एकही नव्हतं. नुसत्या तुटक्या बांगड्या होत्या, ओळीनं, लहान लहान होत गेलेल्या. एखादी वर उघडी, एखादी खाली, एखादी बाजूला. फट कुठल्या बाजूला ते सांगायचं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. भाचा तसाच बसून होता, ताठ, मूठ कमरेशी, मान जराशी वळलेली, कुणी तरी हात वर करेल म्हणून वाट बघत.

ताईनं पडद्याकडे बघितलं. मग पोराच्या डोक्याकडे. मग सावकाश वळून माझ्याकडे. तिला लहानपणापासून माझ्या खोड्या ओळखता येतात.